थाळीतलं मीठ आणि तिथीची पाऊणकी

ताटलीत ठेवलेलं पाणी दोन दिवसांनी दिसेनासं होतं. कुठं गेलं? चौथीच्या वर्गात विचारलं, तर पहिल्या बाकावरून ताबडतोब उत्तर येतं, ‘बाष्पीभवन झालं.’ परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण आहेत. पण त्याच मुलाला पुढं विचारावं, ‘म्हणजे ते पाणी आता आहे की नाही? असेल तर कुठं आहे?’ मग वर्ग खरा बोलू लागतो. कुणी म्हणतं, ताटलीत जिरलं. स्टीलच्या ताटलीत कसं जिरेल, असं शेजारचा म्हणाला की उत्तर बदलतं : सूर्यानं ओढून घेतलं. पण रात्रीतूनही कमी झालं होतं की! मग पालीनं प्यायलं असेल.

ही उत्तरं हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये लिव्हरपूल विद्यापीठ आणि लंडनचं किंग्ज कॉलेज यांनी मिळून ‘स्पेस’ नावाचा प्रकल्प चालवला. प्राथमिक शाळेतली मुलं बाष्पीभवन, प्रकाश, आवाज, सजीवांची वाढ यांच्याबद्दल स्वतः काय समजून बसलेली असतात, ते शिकवण्याआधीच त्यांच्याकडून काढून घ्यायचं, हे त्याचं सूत्र होतं. इस्रायलमध्ये वार्दा बार यांनी १९८९मध्ये जलचक्राबद्दलच्या मुलांच्या कल्पना मांडल्या. त्यांतून जी वाट दिसली ती आपल्याकडच्या कुठल्याही वर्गात सापडेल. सगळ्यात लहान मुलांच्या लेखी पाणी नाहीसंच होतं. थोडी मोठी मुलं म्हणतात, ते कशात तरी मुरतं. त्यापुढची मुलं त्याला थेट आकाशात, ढगात पोचवतात. ते आपल्या भोवतीच्या हवेतच विखुरलेलं आहे, हे सगळ्यात उशिरा पटतं, कारण न दिसणारी वस्तू अस्तित्वात आहे असं मानावं लागतं. ‘जिरलं’ म्हणणारं मूल पाणी असंच नाहीसं होत नाही हे मानतं, म्हणजे निम्मी वाट ते चाललेलं आहे. शिक्षकानं त्याला चूक म्हणून खाली बसवलं की ती वाट तिथंच बंद होते.

हे शिकवायला महाराष्ट्रात मीरा-भाईंदरसारखं गाव शोधून सापडायचं नाही. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र, मधे खाजणं, तिवरं, मिठागरं, आणि भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी घडवणारे गाळे. २००१च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती. २०११मध्ये ती ८ लाख ९ हजारांवर गेली. म्हणजे आज इथं शिकणाऱ्या बहुतेक मुलांची घरं बाहेरून येऊन वसलेली आहेत, आणि मिठागर त्यांना दिसलं असेल तर लोकलच्या खिडकीतून. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या. अशा वर्गात सगळ्यांना समान असं काय आहे? खाडीचं पाणी, दमट हवा आणि डब्याचं स्टील. प्राथमिक विज्ञानाला एवढी सामग्री पुष्कळ झाली.

आधी मिठागर. उधाणाच्या भरतीला समुद्राचं पाणी आत घेतात आणि मग एकापाठोपाठ एक अशा उथळ कप्प्यांतून फिरवत नेतात. ऊन आणि वारा पाण्याला उडवत राहतात, खारटपणा वाढत जातो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पण ते सगळे एकदम खाली बसत नाहीत. आधी चुनखडीचा अंश, मग जिप्सम, आणि दहा बादल्या पाण्याची जेमतेम एक बादली उरते तेव्हा कुठं खायच्या मिठाचे खडे धरू लागतात. अगदी शेवटपर्यंत आटवलं तर मॅग्नेशियमचे कडू क्षारही मिठात येतात, म्हणून उरलेलं कडू पाणी काढून टाकतात. कुठल्या कप्प्यातलं पाणी कधी पुढं सोडायचं, मीठ कधी ओढायचं, हे आगरावरची माणसं पिढ्यान् पिढ्या रंगावरून आणि अनुभवावरून ठरवत आली. पाऊस पडला की सगळं थांबतं. एक तर आकाशातून गोडं पाणी पडतं, आणि दुसरं म्हणजे उल्हास नदीचा लोंढा खाडीत उतरून खाडीचं पाणीच गोडसर होतं.

हाच कारखाना वर्गाच्या खिडकीत मांडता येतो. खाडीचं पाणी मात्र आणू नये. त्यात शहराचं सांडपाणी मिसळतं, आणि नऊ वर्षांचं मूल चव बघितल्याशिवाय राहत नाही. नळाच्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे मीठ विरघळवलं की समुद्राच्या जवळपास पोचतो. ते चार भांड्यांत सारखं वाटायचं : पसरट थाळी, पेला, झाकण ठेवलेली थाळी आणि पंख्याखाली ठेवलेली थाळी. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं काम. पाणी ओतल्यावर लगेच प्रत्येकानं वहीत लिहायचं : कुठलं आधी आटेल, आणि मला असं का वाटतं.

हा अंदाज आधी लिहून घेण्याचा आग्रह वरवर पाहता कारकुनी वाटेल. पण अंदाज न बांधता प्रयोग पाहिला तर मूल फक्त गंमत पाहतं. जे झालं तेच आपल्याला वाटत होतं, असं त्याला दोन मिनिटांत खरंच वाटू लागतं. लिहिलेला अंदाज पळवाट ठेवत नाही. ‘पेल्यातलं आधी आटेल, कारण पेला लहान’ असं लिहिणाऱ्या मुलीला चार दिवसांनी थाळीत पांढरी साय आणि पेल्यात अजून पाणी दिसतं, तेव्हा तिला जो धक्का बसतो, त्या धक्क्यावर शिक्षकाला पुढचा तास उभा करता येतो. तिच्या वहीतला तो चुकलेला अंदाज लाल शाईनं खोडायचा नाही.

यात ‘सारखं ठेवणं’ मुलांना जड जातं. एक भांडं उन्हात, दुसरं सावलीत, त्यात पहिल्यात पाणीही कमी, असं ती सहज करतात आणि निष्कर्षही ठोकून देतात. व्याख्या सांगून हे कळत नाही. कबड्डीत एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला दहा गडी घ्या म्हणावं, ‘चीटिंग’ म्हणून वर्ग डोक्यावर घेतात. प्रयोगातही तसंच आहे एवढं सांगितलं की पुढच्या वेळी मापं तीच मोजून घेतात.

एक प्रयोग तर शाळेच्या वेळापत्रकामुळंच हाताशी येतो. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा इथली हवा पाण्यानं ओथंबलेली असते. तीच थाळी जुलैमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा मांडून किती दिवस लागले ते लिहून ठेवायचं. खोली तीच, भांडं तेच, पाणी तेवढंच. जुलैत इतका उशीर का लागला? हवेत आधीच पाणी आहे, हे इथं मुलांच्या तोंडून निघू शकतं. पंखा लावला की लवकर का वाळतं, याचं उत्तरही तिथूनच सापडतं. पाठ्यपुस्तकातला बाष्पीभवनाचा धडा एकाच आठवड्यात उरकला जातो, त्यामुळं ही तुलना कधीच होत नाही, ही मला फार मोठी हानी वाटते.

उत्तन-पाली-चौकच्या किनाऱ्यावर हाच धडा बोंबलांच्या रूपात टांगलेला असतो. ताज्या बोंबलाच्या वजनात दहात साडेआठ-नऊ भाग पाणीच असतं. बांबूच्या वलांड्यांवर एकेक मासा सुटा लटकवतात म्हणजे चारी बाजूंनी वारा लागतो. ढीग घातला तर वाळण्याआधी कुजेल. पसरट थाळी आणि पेला यांच्यातला फरक कोळणीला कुणी शिकवावा लागलेला नाही. आता भाईंदरच्या सगळ्याच वर्गांत बोंबील आणता येणार नाही, आणि वाळवायला बटाट्याच्या चकत्या घ्याव्यात तर बटाटाही वर्ज्य असणारी घरं इथं थोडीथोडकी नाहीत. काकडी कुणाला नको नसते. काकडीची एक चकती उन्हात, दोन एकावर एक, आणि एक बंद डबीत. संध्याकाळी तराजू नसला तरी हातात घेऊन फरक कळतो.

इथवर मी मुलांना ‘का?’ असं फारसं विचारलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. योस एल्स्टखेस्ट या डच शिक्षकानं १९८५मध्ये, विन हार्लेन यांनी संपादित केलेल्या एका पुस्तकात, योग्य वेळी योग्य प्रश्न विचारण्याबद्दल एक छोटा लेख लिहिला. प्राथमिक विज्ञानावर इतकं कामाचं मी दुसरं काही वाचलेलं नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : लहान मुलाला विचारलेला प्रश्न असा हवा, की उत्तर वस्तूकडूनच मिळालं पाहिजे. काय दिसतं? किती? कशापेक्षा जास्त? असं केलं तर काय होईल? अमुक घडवून आणता येईल का? या प्रश्नांवर मूल वस्तूकडं वळतं. ‘का?’ विचारलं की ते वस्तूकडून मान वळवून शिक्षकाच्या तोंडाकडं बघतं, कारण त्याला वाटतं की या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर आहे आणि ते मोठ्यांकडं आहे. ‘का’ टाळायचा नाही, पण ‘तुला असं का वाटतं?’ असा विचारायचा. एवढ्या एका बदलानं मूल परीक्षेतून सुटतं.

भरती-ओहोटीइतकं याचं चांगलं उदाहरण नाही. भरती का येते? चंद्राच्या आकर्षणानं, असं पाचवीचं मूल पाठ म्हणतं. पण दिवसात एक सोडून दोन भरत्या का, चंद्र पलीकडच्या बाजूला असताना इकडचं पाणी का चढतं, हे सांगायला पदवीधरही अडखळतो. गॅलिलिओनं १६३२च्या आपल्या संवादग्रंथात भरतीचं कारण पृथ्वीच्या हालचालीत शोधलं आणि चंद्राचा संबंध चक्क नाकारला. उलगडा व्हायला १६८७चा न्यूटन यावा लागला. जिथं गॅलिलिओ घसरला तिथं नऊ वर्षांच्या मुलाला ‘का’ विचारून काय मिळवायचं आहे?

उलट ‘कधी?’ हा प्रश्न त्याच्या आवाक्यात आहे. आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आलेला आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. द्वितीयेला दीड वाजता. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. ती पाऊणकी इथं उपयोगाला येते. मुलांनी पंधरा दिवस उत्तनच्या किंवा भाईंदरच्या धक्क्याजवळ राहणाऱ्या कुणाला तरी विचारून, नाहीतर वर्तमानपत्रातून भरतीच्या वेळा उतरवायच्या आणि शेजारच्या रकान्यात पाऊणकीचं उत्तर मांडायचं. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते हे दोन-तीन दिवसांतच दिसतं. कोळीवाड्यातल्या मुलाचा यात भाव वाढतो. उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (लहान भरती) कधी, हे त्याला आजोबांनी सांगितलेलं असतं, आणि बहुधा शाळेत पहिल्यांदाच त्याच्या घरच्या माहितीला वहीत जागा मिळते.

मग एक कूट आपोआप समोर येतं. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पुन्हा एक. एक पाऊणे पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. रोज पाऊण तासानं सरकणारी भरती त्या एका दिवशी दीड तास उडी मारते? समुद्र तर तसं काही करत नाही. चूक हिशेबात आहे : पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं, आणि तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी ती ४५ धरलेली आहेत. रोजची तीन मिनिटं साठत साठत पंधराव्या दिवशी पाऊण तास होतात. पाचवीचं मूल हे कागदावर पकडू शकतं. नियम उपयोगी आहे आणि तरी थोडा चुकतो, त्याची चूक किती ते मोजता येतं, ही जाण मला ‘चंद्राच्या आकर्षणामुळे’ या पाठ वाक्यापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. हुशार मुलं याच्याही पुढं जातात : उत्तनला पाणी भरलं त्याच क्षणी ते खाडीत आत भाईंदरलाही भरतं का? (नाही. खाडीत आत चढायला त्याला वेळ लागतो.)

आता स्टील. पुस्तकात लिहिलेलं असतं की लोहचुंबकाला लोखंड चिकटतं आणि लाकूड, प्लॅस्टिक, कागद चिकटत नाहीत. तक्ता पूर्ण करा. भाईंदरच्या वर्गात त्याऐवजी सगळ्यांचे डबे, पेले, चमचे बाकावर ठेवायला सांगावे आणि चुंबक फिरवावा. काही डबे चिकटतात, काही अजिबात नाही. ‘पण स्टील म्हणजे लोखंडच ना?’ इथं पुस्तक आणि डबा यांच्यात भांडण लागतं, आणि अशा भांडणाला घाबरून चालत नाही. ज्या मुलांचे वडील भांड्यांच्या गाळ्यात काम करतात त्यांना उत्तराचा सुगावा असतो. बाजारात ‘चुंबक लागला तर स्टील नकली’ असा समज आहे. तो खरा नाही. दोन्ही स्टीलच. ३०४ नावाच्या प्रकारात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं; निकेलमुळं आतल्या अणूंची रचना बदलते आणि चुंबक त्याला धरत नाही. ४३० प्रकारात निकेल जवळपास नसतं, म्हणून ते चिकटतं. इंडक्शनच्या शेगडीवर तापणाऱ्या भांड्याच्या बुडाला असंच स्टील लागतं. निकेल-क्रोमियमचं हे प्रकरण शिक्षकानं आपल्यापाशी ठेवावं. मुलांपुरतं ‘सगळं स्टील एक नसतं, आणि ते तपासायची आपल्याकडं रीत आहे’ एवढं पुरे. मात्र एखादा पोरगा येऊन सांगेल की डब्याच्या सपाट भागाला चुंबक लागत नाही पण वाकवलेल्या काठाला हलकासा लागतो. त्याला वेड्यात काढू नये. ३०४ प्रकारचं स्टील ठोकून-वाकवून घडवताना त्या जागी थोडं चुंबकीय होतं, हे अगदी खरं आहे.

ही सगळी रीत परदेशातून आयात करावी लागत नाही. भाईंदरवरून डहाणूकडं गाड्या जातात, त्याच वाटेनं पुढं बोर्डी आणि कोसबाड लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. बिया, पानं, शिंपले, दगड ही तिथली साधनं होती, कारण मुलाच्या हाताला तीच लागत होती. पुढं १९७४मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. ते आज मानखुर्दला आहे. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. मुंबई महापालिकेच्या शाळा आणि जळगाव जिल्ह्यातलं खिरोदा इथं या केंद्राची सुरुवातीची कामं झाली. या केंद्रातच जयश्री रामदास यांच्या पुढाकारानं ‘स्मॉल सायन्स’ ही प्राथमिक वर्गांसाठीची पुस्तकमालिका तयार झाली. ती पुस्तकं चाळताना एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते : त्यांत उत्तरं फार कमी आणि करून बघायच्या गोष्टी फार जास्त. पुण्यात अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या यांतून जे विज्ञान उभं केलं ते मराठी घरांना ठाऊकच आहे. तिथल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेतली त्यांची मुक्तांगण विज्ञान शोधिका पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली.

मधल्या काळात ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार, महाराष्ट्रातल्या शाळांत परवलीचा शब्द झाला. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या बस जाऊ लागल्या. तिथलं काम मनापासूनचं होतं. पण बसमधून परत येताना सगळ्यात सहज आणता आली ती फरशीवर रंगवलेली वर्तुळं आणि चौकटी. फरशी रंगली, प्रश्न मात्र पूर्वीचेच राहिले, असं अनेक ठिकाणी झालं.

उलट बाजूचा अतिरेकही सांगायला हवा. सगळंच मुलांनी ‘स्वतः शोधलं पाहिजे’ हा हट्ट खोटा आहे. पृथ्वी गोल आहे हे थाळीतल्या पाण्यातून कुणाला सापडणार नाही. स्टेला वोस्निआडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२मध्ये अमेरिकी मुलांना याबद्दल विचारलं, तेव्हा ‘गोल’ म्हणणारी बरीच मुलं प्रत्यक्षात पृथ्वीला सपाट तबकडी किंवा आतून पोकळ चेंडू समजत होती. आपण त्या चेंडूच्या आत राहतो! पुढं हैदराबादच्या मुलांशी असंच बोलणं झालं, तेव्हा पुष्कळांच्या मनातली पृथ्वी पाण्यावर तरंगत होती. इथं सांगावं लागतं, गोलावर बोट ठेवून दाखवावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा विचारून घ्यावं लागतं की तू नेमका कुठं उभा आहेस. सांगणं हा गुन्हा नाही. शिक्षकाला कळायला हवं ते एवढंच की मुलाला कुठली गोष्ट वस्तू सांगेल आणि कुठली आपल्याला सांगावी लागेल.

अडचणी नाहीत असं नाही. शिक्षण हक्क कायदा प्राथमिक वर्गात तीस मुलांमागं एक शिक्षक म्हणतो. तीस मुलांच्या चार-चारच्या टोळ्या केल्या तरी सात-आठ टेबलांवर एकाच वेळी पाणी सांडत असतं. त्यात जनगणना, निवडणूक, माहितीचे तक्ते ही कामं शिक्षकाचीच. म्हणून वर्षाला वीस प्रयोग करण्याच्या भानगडीत पडू नये. थाळी, भरती आणि चुंबक हे तीन नीट झाले तरी चौथी-पाचवीचं वर्ष सार्थकी लागेल. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला थर्माकोलचा ज्वालामुखी करून त्यात खायचा सोडा ओतण्याचा जो वार्षिक सोहळा असतो, तो करणाऱ्या आई-बाबांनाही त्यातून थोडी उसंत मिळेल.

नियमांची आडकाठी तर मुळीच नाही. २०१०पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत लेखी चाचणी हे एकच साधन नाही. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प यांचेही रकाने असतात आणि ते शिक्षकानंच भरायचे असतात. पंधरा दिवसांचं भरतीचं कोष्टक ‘प्रकल्प’ या रकान्यात बसतं. जुलैच्या आणि जानेवारीच्या थाळीची नोंद ‘प्रयोग’मध्ये बसते. आणि ‘पेला लहान म्हणून आधी आटेल’ असं लिहिणाऱ्या मुलीनं पाचव्या दिवशी त्याखाली स्वतःच्या अक्षरात जे लिहिलं असेल, त्याची नोंद दैनंदिन निरीक्षणात करायची.